दोन पेनीत एक खून

लंडनच्या एखाद्या जुन्या पुस्तकांच्या दुकानात १९३०च्या दशकातली रहस्यकादंबरी हाती लागली, तर लेखकाचं नाव बघण्याआधी तिची पाठ बघावी. पाठीच्या वरच्या टोकाला धातूची कडी बसवलेलं बारीक छिद्र असेल आणि पुठ्ठ्यावर ढालीच्या आकाराची हिरवी चिठ्ठी, किंवा ती खरवडून काढल्याचा डाग असेल, तर ते पुस्तक बूट्सच्या वाचनालयातलं. बूट्स हे मूळचे औषधवाले. त्यांच्या दुकानात खोकल्याचं औषध घ्यायला गेलेली बाई तिथल्याच कपाटातून आठवड्याचं वाचनही घेऊन यायची. त्या छिद्रात सभासदाच्या बिल्ल्याची दोरी ओवायची. पुस्तक परत केलं की दोरी निघायची आणि दुसऱ्या पुस्तकात जायची.

त्या काळातल्या कितीतरी इंग्रजी रहस्यकथाकारांची कुंडली मला त्या छिद्रात दिसते. अगाथा ख्रिस्ती आणि डोरोथी सेयर्स सोडल्या तर बाकीचे सुमार लिहीत होते, म्हणून काळाने त्यांना गाळलं, असं पुष्कळ वर्षं सांगितलं गेलं. हे पूर्ण खरं नाही. त्यांची पुस्तकं मुळात घरात ठेवण्यासाठी छापलेलीच नव्हती, वाचून परत करण्यासाठी छापलेली होती. वाचनालयांवर ती जगली आणि वाचनालयांबरोबरच गेली.

पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये पुठ्ठा-बांधणीच्या नव्या कादंबरीची किंमत साधारण साडेसात शिलिंग असे. कारकून, शिक्षिका, दुकानातली नोकर मंडळी यांना दर आठवड्याला एवढे पैसे मोजणं शक्यच नव्हतं. वाचायची भूक मात्र जबरदस्त. बूट्सने १८९८ साली वाचनालय सुरू केलं होतं आणि १९३०च्या दशकाच्या अखेरीला त्याचे सुमारे पाच लाख वर्गणीदार होते. त्याच्या खालच्या पायरीवर होती दोन पेनीची वाचनालयं. वर्गणी नाही, अनामत नाही. पेपरवाल्याच्या, तंबाखूवाल्याच्या दुकानात मागे एक फळी, त्यावर पुस्तकं. दोन पेनी टेकवा, पुस्तक न्या. आपल्याकडच्या गल्लीतल्या लायब्ररीतून रोजच्या भाड्याने अर्नाळकरांच्या रहस्यकथा नेणाऱ्यांना हे चित्र वेगळं समजावून सांगायला नको.

जॉर्ज ऑर्वेल १९३०च्या दशकाच्या मध्यावर लंडनच्या हॅम्पस्टेड भागात अशाच एका पुस्तकाच्या दुकानात नोकरीला होता. पुढे १९३६ साली त्याने त्या दिवसांवर लेख लिहिला. त्यात एक गिऱ्हाईक आहे. हे गृहस्थ वर्षभराहून जास्त काळ आठवड्याला चार-पाच रहस्यकथा फस्त करत, शिवाय दुसऱ्या वाचनालयातून आणत त्या वेगळ्या. ऑर्वेलने हिशोब मांडला की या माणसाने वर्षात वाचलेली पानं जमिनीवर अंथरली तर जवळजवळ पाऊण एकर भरेल. एकदा वाचलेलं पुस्तक ते पुन्हा कधी नेत नसत. पुस्तकाचं नाव आणि लेखकाचं नाव यांकडे मात्र ते ढुंकूनही बघत नसत. आत नुसती नजर टाकली की वाचलंय की नाही हे त्यांना कळे.

लेखकाचं नाव न बघणारा हा निष्ठावंत वाचकच त्या सगळ्या व्यवसायाचा अन्नदाता होता. त्याला दर आठवड्याला नवा खून लागे. मग खून पुरवायला माणसं पुढे आली, आणि ती कुठून कुठून आली हे बघण्यासारखं आहे.

१९१९ साली आयर्लंडच्या उत्तर भागात रेल्वेत इंजिनिअर असलेला फ्रीमन विल्स क्रॉफ्ट्स लांबलेल्या आजारपणात अंथरुणाला खिळून होता. वय चाळीस. वेळ जाईना, म्हणून त्याने पेन्सिल आणि वही मागवली. त्यातून ‘द कास्क’ ही कादंबरी झाली आणि १९२० मध्ये प्रसिद्ध झाली. ख्रिस्तीची पहिली कादंबरीही त्याच वर्षी अमेरिकेत आली. ‘द कास्क’ सुरू होते लंडनच्या गोदीत. फ्रान्समधल्या रुआँहून आलेल्या जहाजातून पिंपं उतरवताना काही पिंपं खाली आदळतात. एकाला चीर जाते. आतून लाकडाच्या भुशाबरोबर सोन्याची नाणी गळतात. कारकून चिरेत बोटं घालून चाचपतो, तर हाताला लागतो बाईचा हात. त्यानंतर मात्र सगळं काम इंजिनिअरचं: कुठलं पिंप कुठल्या गाडीने, कुठल्या बोटीने, किती वाजता गेलं, याची ठोकून ठोकून तपासणी. क्रॉफ्ट्सचा इन्स्पेक्टर फ्रेंच पुढे असाच वागला. त्याच्याकडे प्रतिभेची लखलख नाही. तो वेळापत्रक उघडतो आणि आरोपी ज्या गाडीत होतो म्हणतो ती गाडी त्या स्टेशनवर थांबते का, ते बघतो. क्रॉफ्ट्सने स्वतः रेल्वेची नोकरी सोडली ती १९२९ मध्ये, म्हणजे जवळजवळ दहा वर्षं दिवसा रेल्वे आणि उरलेल्या वेळात खून.

सेसिल स्ट्रीट हा तोफखान्यातला मेजर. त्याने जॉन ऱ्होड या नावाने लिहिलं, माइल्स बर्टन या दुसऱ्या नावानेही लिहिलं, आणि सगळ्या मिळून कादंबऱ्या १४०च्या घरात नेल्या. वर्षाला चार खून हा त्याच्यासाठी नेहमीचा रतीब होता. रिचर्ड हल हा चार्टर्ड अकाउंटंट. ‘द मर्डर ऑफ माय आंट’ (१९३४) मध्ये त्याने वेल्समधल्या आळशी, गर्विष्ठ भाच्याकडूनच आत्याला मारायचे बेत वदवून घेतले. हसता हसता अंगावर काटा यावा असं ते पुस्तक आहे. ग्लॅडिस मिचेल शाळेत शिकवायची आणि शिकवता शिकवता तिने मिसेस ब्रॅडली या गुप्तहेर नायिकेच्या ६६ कादंबऱ्या लिहिल्या. पॅट्रिशिया वेंटवर्थ जन्मली आपल्याकडच्या मसुरीत. तिची विणकाम करत गुन्हा उकलणारी मिस सिल्व्हर १९२८ सालीच कादंबरीत अवतरली, तर ख्रिस्तीच्या मिस मार्पलची पहिली कादंबरी १९३०ची. समाजवादी अर्थतज्ज्ञ जी. डी. एच. कोल आणि त्याची पत्नी मार्गारेट फावल्या वेळात जोडीने रहस्यकथा लिहीत. खरं सांगायचं तर त्या वाचताना तो वेळ खरोखर फावला होता हे जाणवतं.

या गर्दीतला सगळ्यात अद्भुत माणूस मराठी वाचकाला वेगळ्याच दारातून भेटलेला असतो. ख्रिस्तोफर कॉडवेल. मार्क्सवादी साहित्यविचाराचं वाचन करताना ‘इल्यूजन अँड रिअॅलिटी’चा कर्ता म्हणून हे नाव आपल्याकडच्या समीक्षकांनी घेतलेलं आहे. कॉडवेल हे टोपणनाव. खरं नाव ख्रिस्तोफर सेंट जॉन स्प्रिग, आणि त्या खऱ्या नावाने त्याने चक्क सात रहस्यकादंबऱ्या लिहिल्या. पंधराव्या वर्षी शाळा सुटली, वर्तमानपत्रात उमेदवारी केली, विमानविद्येवर लिहून पोट भरलं. ‘डेथ ऑफ अॅन एअरमन’ (१९३४) मध्ये ते सगळं ज्ञान कामी आलं. एक वैमानिक विमानासकट कोसळतो, आणि विमान चालवायला शिकायला आलेल्या एका बिशपला त्या मृतदेहात काहीतरी खटकतं. पुढच्याच वर्षी स्प्रिग कम्युनिस्ट झाला. डिसेंबर १९३६ मध्ये मदतीची अॅम्ब्युलन्स चालवत तो यादवी युद्धातल्या स्पेनला पोचला, आंतरराष्ट्रीय ब्रिगेडमध्ये दाखल झाला आणि १२ फेब्रुवारी १९३७ रोजी हारामाच्या लढाईत मशीनगनवर मारला गेला. वय २९. त्याचा तो गाजलेला ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर आला. ग्रंथ जगला, रहस्यकथा मेल्या. वाचनालयाच्या फळीवर त्यांना कुणी शोधायला गेलं नाही.

अशा माणसांचा एक क्लबही निघाला. अँथनी बर्कली कॉक्स या तिरकस, पैसेवाल्या, जरा विक्षिप्त लेखकाने आधी घरी जेवणावळी घातल्या आणि त्यातून १९३० साली डिटेक्शन क्लब उभा राहिला. जी. के. चेस्टरटन पहिला अध्यक्ष. नव्या सभासदाने एरिक नावाच्या कवटीवर हात ठेवून शपथ घ्यायची: माझा गुप्तहेर दैवी साक्षात्कार, जादूटोणा किंवा योगायोग यांच्या आधाराने गुन्हा उकलणार नाही, आणि कुठलाही महत्त्वाचा दुवा वाचकापासून लपवणार नाही. मेजर स्ट्रीटने त्या कवटीच्या डोळ्यांत लाल दिवे बसवून दिले. पोरखेळ वाटतो, पण त्यात व्यवहार होता. वाचकाशी सरळ खेळायचं, त्याला लेखकाइतकीच संधी द्यायची, हे त्या धंद्याचं वजनमाप होतं. स्वस्त थरारकथांपासून आपला माल वेगळा ठेवायचा तर असा शिक्का हवाच. सभासद एकमेकांना कामातही मदत करत. सेयर्सला कादंबरीत सांकेतिक लिपी हवी होती, ती तिला स्ट्रीटने समजावून दिली. १९३१ मध्ये डझनभर सभासदांनी एकेक प्रकरण लिहून ‘द फ्लोटिंग अॅडमिरल’ ही सामाईक कादंबरी काढली.

बर्कलीने खुद्द या नियमांचीच गंमत केली. ‘द पॉइझन्ड चॉकलेट्स केस’ (१९२९) मध्ये सहा हुशार माणसं एकाच खुनाची सहा उत्तरं देतात आणि प्रत्येक उत्तर पटतं. मग ‘फ्रान्सिस आइल्स’ हा मुखवटा चढवून त्याने ‘मॅलिस अफोरथॉट’ (१९३१) लिहिली. त्यात खुनी कोण हे पहिल्याच वाक्यात सांगून टाकलंय. त्याच्याच पुढच्या कादंबरीवर हिचकॉकचा ‘सस्पिशन’ हा चित्रपट निघाला. १९३९ नंतर बर्कलीने कादंबरी लिहिली नाही. उरलेली तीसेक वर्षं तो इतरांच्या पुस्तकांची परीक्षणं करत बसला.

१९३९ हेच वर्ष या सगळ्या बाजाराचंही उतरणीचं. युद्ध आलं, १९४० मध्ये कागदाचं रेशनिंग आलं. २९ डिसेंबर १९४० च्या रात्री जर्मन विमानांनी लंडनवर आगीचे बॉम्ब टाकले. प्रकाशकांची गल्ली असलेली पॅटर्नोस्टर रो जळाली आणि सुमारे ५० लाख पुस्तकं राख झाली. त्यात किती रहस्यकथांचे उरलेले साठे होते, कोण मोजणार? जे घरोघरी बचावलं होतं त्यावर १९४३ च्या पुस्तक-मोहिमेने हात मारला. देशासाठी रद्दी द्या, असं आवाहन झालं, कोट्यवधी पुस्तकं जमा झाली, थोडी सैनिकांना आणि बॉम्बने उद्ध्वस्त झालेल्या वाचनालयांना गेली, बाकीच्यांचा लगदा. लोकांनी आधी काय दिलं असेल? बायबल आणि डिकन्स नक्कीच नाही.

पण खरा घाव युद्धानंतरचा. १९३५ पासून पेंग्विनची सहा पेनीची पुस्तकं आली होती. रहस्यकथेला हिरवं मुखपृष्ठ. युद्धानंतर या स्वस्त आवृत्त्यांनी बाजार व्यापला. आता वाचक पुस्तक भाड्याने नेण्याऐवजी विकत घेऊ लागला, आणि विकत घेताना माणूस नाव बघतो. १९४८ मध्ये पेंग्विनने ख्रिस्तीच्या दहा कादंबऱ्या प्रत्येकी एक लाख प्रतींनी काढल्या. ज्यांची नावं अशी स्वस्त आवृत्तीच्या गाडीत चढली ते वाचले, राहिले ते फलाटावर राहिले. पुढे टीव्ही आला. बूट्ससारखंच दुकानांतून चालणारं डब्ल्यू. एच. स्मिथचं वाचनालय १९६१ मध्ये बंद झालं, बूट्सचं १९६६ मध्ये.

समीक्षकांनी वर माती लोटली. १९७२ मध्ये ज्युलियन सायमन्सने ‘ब्लडी मर्डर’ या रहस्यकथेच्या इतिहासात क्रॉफ्ट्स, ऱ्होड आणि मंडळींना ‘हमड्रम’, म्हणजे रटाळ, अशी एक जातच लावून दिली. सायमन्स जाणता माणूस होता, स्वतः चांगला रहस्यकथाकार, आणि ऱ्होडबद्दल तो फारसा चुकलाही नाही. पण एकदा शिक्का बसला की आत काय आहे ते उघडून बघायची तसदी पुढची पिढी घेत नाही. याच सायमन्सनंतर डिटेक्शन क्लबचा अध्यक्ष झालेला एच. आर. एफ. कीटिंग आपल्याला परका नाही. त्याने १९६४ मध्ये ‘द परफेक्ट मर्डर’ लिहून मुंबई पोलिसातला इन्स्पेक्टर गणेश घोटे जन्माला घातला, आणि तोवर मुंबई पाहिलेली नव्हती! ती त्याने पाहिली दहाएक वर्षांनी. लोकांना आता असाच गुप्तहेर हवा होता; घाबरणारा, साहेबाच्या शिव्या खाणारा. वेळापत्रक तपासणाऱ्या फ्रेंचचे दिवस सरले होते.

तरी ही पुस्तकं समूळ नाहीशी झाली नाहीत, याचं श्रेय रुचीला नाही, कायद्याला आहे. ब्रिटनमध्ये छापलेल्या प्रत्येक पुस्तकाची एक प्रत राष्ट्रीय ग्रंथसंग्रहात जमा करावी लागते. हा संग्रह आधी ब्रिटिश म्युझियममध्ये होता, १९७३ पासून ब्रिटिश लायब्ररीत आहे. मे १९४१ मध्ये म्युझियमवरही बॉम्ब पडून दोन लाखांवर ग्रंथ जळाले, पण बाकीचे राहिले. ज्यांची पाठ दोरीने झिजली त्या प्रती गेल्या. जिला कुणी हात लावला नाही ती तळघरातली प्रत उरली.

२०१२ मध्ये ब्रिटिश लायब्ररीच्या प्रकाशन विभागाने आपल्याच कपाटांतून अशा कादंबऱ्या काढून मालिकेच्या रूपाने छापायला सुरुवात केली. सुरुवातीच्या लेखकांत होती मेव्हिस डोरिएल हे. ऑक्सफर्डची विद्यार्थिनी, आयुष्यात रहस्यकथा तीनच. ‘डेथ ऑन द चेरवेल’ (१९३५) मध्ये तिने ऑक्सफर्डच्या मुलींच्या कॉलेजात गुन्हा घडवला. त्याच वर्षी सेयर्सची ‘गॉडी नाइट’ही तशाच कॉलेजात घडली, आणि सगळा प्रकाश तिकडे गेला. नंतर तिने खेड्यातल्या हस्तकलांवर आणि गोधड्यांवर पुस्तकं लिहिली. २०१४ च्या नाताळात जे. जेफरसन फार्जनच्या ‘मिस्टरी इन व्हाइट’ने सगळ्यांनाच चकित केलं. १९३७ ची कादंबरी. बर्फात गाडी अडकते, काही प्रवासी उतरून चालत सुटतात, एक घर सापडतं. आत शेकोटी पेटलेली, चहा मांडलेला, माणूस कुणी नाही. लेखक १९५५ मध्ये वारलेला, आणि पुस्तक बेस्टसेलरच्या यादीत.

या मालिकेचा सल्लागार मार्टिन एडवर्ड्स पेशाने सॉलिसिटर, शिवाय स्वतः रहस्यकथाकार आणि २०१५ मध्ये डिटेक्शन क्लबचा अध्यक्ष झालेला. लेखकाचं चरित्र जुळवायचं आणि प्रस्तावना लिहायची हे काम त्याने नेटाने केलं. लेखक मेल्यावर ७० वर्षं हक्क वारसांकडे राहतात, त्यामुळे आधी वारस शोधावे लागतात. मुखपृष्ठावर जुन्या रेल्वे जाहिरातींची चित्रं घातली. निळा समुद्र, पिवळी शेतं, धूर सोडणारी गाडी. लोक ती कपाटात ओळीने मांडण्यासाठी घेऊ लागले. दोन पेनी देऊन परत करायची पुस्तकं आता भेट देण्याची आणि जपण्याची वस्तू झाली. डीन स्ट्रीट प्रेससारख्या छोट्या प्रकाशकांनीही असे बरेच लेखक परत आणले.

यातलं सगळंच वाचनीय आहे असं मी म्हणणार नाही. हिंदुस्थानातून निवृत्त होऊन आलेला लालबुंद कर्नल, चोरटा नोकर, परक्यांबद्दल सहज फेकलेलं कडवट वाक्य यांनी कधीकधी जीव विटतो. आठ-दहा लेखक वाचल्यावर मात्र एक नाव मनात पक्कं बसतं. ई. सी. आर. लोरॅक. खरं नाव ईडिथ कॅरोलाइन रिव्हेट. ‘कॅरोल’ची इंग्रजी अक्षरं उलटी लावली की लोरॅक होतं. कॅरोल कारनॅक हे तिचं दुसरं टोपणनाव. सत्तरच्या वर पुस्तकं, आणि तिचा इन्स्पेक्टर मॅकडोनाल्ड समंजस, कमी बोलणारा. तिची ‘मर्डर बाय मॅचलाइट’ (१९४५) वाचा. युद्धातलं लंडन, दिवाबंदी, रीजंट्स पार्कमधला छोटा पूल. कुणीतरी सिगारेटसाठी काडी ओढतो, त्या उजेडात त्याचा चेहरा दिसतो आणि क्षणभर त्याच्यामागे आणखी एक चेहरा. काडी विझते. अंधारात धप्पकन आवाज. साक्षीदाराकडे सांगायला एवढंच आहे: काडीभर उजेड. ब्लॅकआऊटमधल्या शहराची भीती आणि शेजाऱ्यांची चिवट माणुसकी तिने जशी टिपली आहे, तशी ख्रिस्तीला जमली नाही, असं माझं मत.

रिव्हेट अखेरच्या वर्षांत लँकशरच्या ल्यून नदीच्या खोऱ्यात राहायला गेली आणि तिथेच १९५८ मध्ये वारली. मागे एक पूर्ण झालेली कादंबरी टंकलिखित स्वरूपात राहिली होती, ती पुढे एका संग्राहकाकडे गेली. ‘टू-वे मर्डर’ नावाने ब्रिटिश लायब्ररीने ती पहिल्यांदा छापली २०२१ मध्ये, म्हणजे लेखिका गेल्यानंतर ६३ वर्षांनी. तिच्या पुस्तकांपैकी कुठल्याच वाचनालयाची दोरी न लागलेलं असं हे एक.